ऑब्जेक्टिव्ह-सी आज्ञावलीसाठी कंपायलर-पर्यायांची निवड : सातारा-सांगलीतील प्रयोगशाळांच्या संदर्भात

सातारा व सांगली जिल्ह्यांतील बहुसंख्य संलग्न महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. तेथील विद्यार्थ्याने ऑब्जेक्टिव्ह-सी शिकावयाची तर मॅक संगणकच हवा, असा समज आढळतो. तो पूर्णतः खरा नाही. नेक्स्ट कंपनीने 1988 मध्ये या भाषेचा परवाना घेऊन जीसीसी कंपायलरला तिची जोड दिली; जीसीसीच्या मुक्त परवान्यामुळे ती भर तिला खुली करावी लागली. परिणामी साध्या लिनक्स संगणकावर जीसीसी व ग्नूस्टेप यांच्या साहाय्याने हे प्रात्यक्षिक घेता येते. अडचण येते ती आज्ञेतील पर्यायांची. (पर्यायांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत, टंकताना ती रोमन लिपीतच द्यावीत.)

पहिली अडचण स्थिर अक्षरमालेची. जीसीसी अशा मालेसाठी 'एनएक्स-कॉन्स्टंट-स्ट्रिंग' हा वर्ग गृहीत धरतो, तर ग्नूस्टेपला 'एनएस-कॉन्स्टंट-स्ट्रिंग' अपेक्षित असतो. 'एफ-कॉन्स्टंट-स्ट्रिंग-क्लास' हा पर्याय न दिल्यास अगदी पहिला प्रोग्रामही अडतो. ट्राय-कॅच रचनेसाठी 'एफ-ऑब्जसी-एक्सेप्शन्स' लागतो. हे सारे पाठ करण्याचे कारण नाही. 'ग्नूस्टेप-कॉन्फिग' ही आज्ञा 'ऑब्जसी-फ्लॅग्ज' व 'बेस-लिब्ज' या पर्यायांसह चालविल्यास आवश्यक मजकूर स्वतःच देते. ग्रंथालयांची नावे मात्र स्रोत फाइलीनंतरच लिहावीत. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत असल्याने क्रम उलटल्यास 'अनडिफाइन्ड रेफरन्स' हा संदेश येतो आणि विद्यार्थी निष्कारण आपल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

खरा धोका इशाऱ्यांचा आहे. सी भाषेत फलनाचे नाव चुकले तर लिंकर अडवितो. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये कोणती पद्धती चालवावयाची हे प्रोग्राम चालताना ठरते. त्यामुळे नाव चुकल्यास कंपायलर बहुधा केवळ इशारा देतो, प्रोग्राम तयार होतो आणि चालताना कोसळतो. वस्तूच 'निल' असेल तर तोही कोसळत नाही. निमूटपणे शून्य परत करतो व उत्तर चुकते. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून लहान 'डब्ल्यू' देऊन इशारे दडपणे या भाषेत विशेष घातक होय. त्याऐवजी 'डब्ल्यू-ऑल' व 'डब्ल्यू-एरर' द्यावेत. प्रात्यक्षिकाची वही तपासणाऱ्या शिक्षकाचेही श्रम वाचतात. दोष शोधताना 'जी' व 'ओ-शून्य' जोडावेत. 'ऑब्जसी-फ्लॅग्ज'मध्ये 'ओ-दोन' आलेला असल्यास 'ओ-शून्य' त्याच्यानंतर यावा, कारण शेवटचा 'ओ' लागू होतो.

स्मृती-व्यवस्थापनाचा निर्णय मात्र सत्राच्या आरंभीच घ्यावा. 2011 मध्ये आलेली 'आर्क' ही स्वयंचलित पद्धत क्लँगमध्ये 'एफ-ऑब्जसी-आर्क' या पर्यायाने मिळते. जीसीसीमध्ये ती नाही. त्यानंतरच्या पाठ्यपुस्तकांतील प्रोग्राम सामान्यतः 'ऑटोरिलीजपूल' या विधानाने सुरू होतो, ते विधान जीसीसी नाकारतो. जीसीसी ठेवल्यास 'रिटेन' व 'रिलीज' शिकवावेच लागतात. क्लँग घेतल्यास त्याच्याशी जुळणारे रनटाइम हवे आणि सर्व फाइली त्याच रनटाइमसाठी बांधाव्या लागतात. आर्क असलेल्या व नसलेल्या फाइली मात्र एकत्र चालतात. जुन्या फाइलीपुरता 'एफ-नो-ऑब्जसी-आर्क' दिला की पुरते.