गळू फुटले, ठणका थांबला. पण भगंदराचे काय?

गुदद्वाराजवळचे गळू ही चारचौघांत बोलायची गोष्ट नाही, असे आपल्या घरांत अजूनही मानले जाते. पुरुष बायकोला सांगत नाहीत, बाया तर कोणालाच नाही. 'मूळव्याध असेल' म्हणून मलम लावत दिवस काढले जातात. मग एके रात्री ठणका असह्य होतो, ताप चढतो आणि सर्जनला चिरा देऊन पू काढावा लागतो. आराम पडतो, माणूस कामावर जातो. आम्हाला सांगायचे आहे ते याच्या पुढचे.

गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. एखादीचे तोंड बुजले की जंतू वाढून पू होतो. नुसत्या गोळ्यांनी तो जात नाही, चिरा द्यावाच लागतो. पण पू काढल्यावरही कधी आतले तोंड उघडे राहते आणि तेथून कातडीपर्यंत बोगद्यासारखी वाट तयार होते. हेच भगंदर. गळू झालेल्या दर तिघांपैकी निदान एकाला ते होऊ शकते. त्यात दर वेळी डॉक्टरांचा हात चुकला असे समजू नये.

धोका कोणाला अधिक? चाळिशीच्या आतल्यांना, ज्यांच्या पुवात आतड्यातले जंतू सापडतात त्यांना, त्याच जागी पुन्हा गळू येणाऱ्यांना, आणि क्रोन्स नावाचा आतड्याचा रोग असणाऱ्यांना. आपल्याकडे क्षयही विसरून चालत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही हे दुखणे अधिक गाठते. मधुमेहींचे गळू लवकर चिघळते, म्हणून रक्तातील साखर तपासून घ्यावी.

जखम दोन महिन्यांतही भरली नाही, कपड्याला पुवाचे डाग पडू लागले किंवा सूज येऊन-जाऊन राहिली, तर पुन्हा सर्जनकडे जावे. भगंदर औषध-मलमाने सहसा बुजत नाही. शस्त्रक्रिया लागते किंवा आयुर्वेदातील क्षारसूत्राचा दोरा बांधतात. दोन्ही जाणकाराकडूनच करून घ्यावे. वाटेत शौच रोखणारा स्नायू असतो. अडाण्याने तो कापला तर शौचावरचा ताबा जन्मभरासाठी जाऊ शकतो. पाट्या लावून बसलेल्या भोंदूंपासून सावध राहा.

भगिनींनो, धुण्यात घरच्या माणसाच्या कपड्यावर डाग दिसला, तर हसू नका, रागावू नका, विचारा. आणि डाग आपल्याच कपड्यावर असेल, तर लपवू नका. दुखण्याला लाज नसते, लाजेने मात्र दुखणे वाढते.