हिरो आउट ऑफ फॉर्म... की टीमच फ्लॉप?

पॅट्रिक महोम्स. अमेरिकन फुटबॉलमधला सगळ्यात महागड्या क्वार्टरबॅक्सपैकी एक. २०२३ च्या मोसमात त्याचे आकडे घसरले, टीमचा ऑफेन्स गडगडला आणि अख्ख्या अमेरिकेत एकच वाद पेटला : चूक कुणाची? या वादात तुमच्याआमच्या ऑफिससाठीही बराच मसाला आहे, बॉस!

१० डिसेंबर २०२३. कॅन्सस सिटीचं ॲरोहेड स्टेडियम. समोर बफेलो बिल्स, स्कोअर २०-१७, चीफ्स तीन पॉइंट्सनी मागे. घड्याळात जेमतेम मिनिटभर शिल्लक. महोम्स मधोमध पास फेकतो, ट्रॅव्हिस केल्सी तो पकडतो, पळतो आणि अंगावर डिफेंडर्स येताना बघून चक्क मागे वळून बॉल कडॅरियस टोनीकडे टाकतो. टोनी सुसाट. टचडाउन! स्टेडियम वेडं झालेलं...

आणि मग दिसला रेफरीचा पिवळा रुमाल. प्ले सुरू होण्याआधीच टोनीचं पाऊल रेषेपुढे होतं. ऑफसाइड. टचडाउन कॅन्सल, मॅच खल्लास.

एरवी एकदम कूल असणारा महोम्स त्या दिवशी फुटला. हेल्मेट आपटलं, साइडलाइनवर रेफरींवर ओरडला, मॅच संपल्यावर हात मिळवायला आलेल्या जॉश ॲलनसमोरही तक्रारच करत राहिला. लीगने त्याला ५० हजार डॉलर्स आणि कोच अँडी रीडना एक लाख डॉलर्सचा दंड ठोकला. रिप्लेत टोनी ऑफसाइड असल्याचं स्वच्छ दिसत होतं. नंतर महोम्सनेही आपल्या वागण्याबद्दल खंत व्यक्त केली. पण मग एवढा राग नक्की कशाचा होता? बहुतेक एका रुमालाचा नव्हताच. अख्ख्या मोसमाची वाफ त्या एका क्षणी बाहेर पडली.

दोन मिनिटांत अमेरिकन फुटबॉल

* टीमचे तीन वेगळे संच असतात. बॉल आपल्याकडे असताना ऑफेन्स, समोरच्याकडे असताना डिफेन्स आणि किक वगैरेसाठी स्पेशल टीम्स. म्हणजे क्वार्टरबॅक डिफेन्सला खेळतच नाही.
* ऑफेन्सला चार चान्स मिळतात, त्यात दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा चार चान्स, नाही तर बॉल समोरच्याला.
* क्वार्टरबॅक म्हणजे ऑफेन्सचा कॅप्टन, सूत्रधार, सगळं काही. पास तोच फेकतो.
* तो पास समोरच्या टीमने पकडला तर इंटरसेप्शन. सगळ्यात मोठी नामुष्की.

आरोपी क्रमांक एक : खुद्द महोम्स

आधी आकडे बघू. २०१८ मध्ये, स्टार्टर म्हणून पहिल्याच पूर्ण मोसमात, महोम्सने ५० टचडाउन पास आणि ५,०९७ यार्ड अशी भन्नाट कामगिरी केली होती. २०२२ मध्ये ४१ टचडाउन आणि ५,२५० यार्ड. दोन्ही वेळा लीगचा एमव्हीपी. आणि २०२३? २७ टचडाउन, ४,१८३ यार्ड आणि १४ इंटरसेप्शन्स, म्हणजे तोवरच्या करिअरमधली सर्वाधिक. एका पासमागे मिळणारे सरासरी यार्ड २०१८ मध्ये ८.८ होते, ते थेट ७ वर आले.

टीकाकारांचं म्हणणं सरळ होतं. २०२० मध्ये दहा वर्षांचं, ५० कोटी डॉलर्सपर्यंत जाणारं कॉन्ट्रॅक्ट घेतलंस ना? मग रिसीव्हर्स कच्चे आहेत ही सबब तुला शोभत नाही. आणि खरंच, सगळ्या चुका काही दुसऱ्यांच्या नव्हत्या. नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध गोललाइनजवळ पोहोचून त्याने एंड झोनमध्ये इंटरसेप्शन दिलं. ख्रिसमसच्या दिवशी लास व्हेगास रेडर्सविरुद्ध तर कहरच! आधी बॉल देण्याघेण्यात गोंधळ होऊन फंबल, त्यावर रेडर्सच्या डिफेन्सचा टचडाउन. लगेच पुढच्याच प्लेला महोम्सचा पास इंटरसेप्ट होऊन आणखी एक टचडाउन. घड्याळातल्या सात सेकंदांत दोन! रेडर्सच्या क्वार्टरबॅकला पहिल्या क्वार्टरनंतर एकही पास पूर्ण करता आला नव्हता, तरी चीफ्स घरच्या मैदानावर २०-१४ ने हरले.

आरोपी क्रमांक दोन : पार्टनर्स

आता दुसरी बाजू. मोसमाची पहिलीच मॅच, डेट्रॉइट लायन्सविरुद्ध. केल्सी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर. महोम्सचा पास टोनीच्या हातावर आदळून उडाला, तो लायन्सच्या ब्रायन ब्रांचने पकडला आणि थेट टचडाउन. मॅच गेली २१-२० ने, म्हणजे एका पॉइंटने. स्कोअरकार्डवर मात्र ते इंटरसेप्शन कुणाच्या नावावर? महोम्सच्या.

ईगल्सच्या मॅचमध्ये शेवटची दोन मिनिटं उरलेली असताना मार्केझ व्हाल्डेस-स्कॅन्टलिंग एकदम मोकळा सुटला होता. महोम्सने लांबून अचूक पास दिला, बॉल हातात आला... आणि निसटला. पकडला असता तर बहुधा मॅच खिशात. चीफ्स हरले २१-१७. त्या मॅचसह सलग तीन मॅचेसच्या सेकंड हाफमध्ये चीफ्सने एकही पॉइंट केला नव्हता. शून्य! जगातल्या सगळ्यात डेंजर समजल्या जाणाऱ्या ऑफेन्सची ही अवस्था.

केल्सीही चौतिशीत गेलेला. सलग सात मोसम हजारहून जास्त यार्ड काढल्यावर या वेळी तो ९८४ वर अडकला. (टेलर स्विफ्ट मॅचला येते म्हणून त्याचं लक्ष उडालं, असंही लोक म्हणाले. लोक काय, काहीही म्हणतात!) ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर एरिक बिएनिमी वॉशिंग्टनला गेला, त्याच्या जागी मॅट नॅगी आला. एक नवखा रशी राइस सोडला, तर महोम्सने डोळे मिटून विश्वास टाकावा असा दुसरा रिसीव्हर नव्हता.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. जानेवारी १९९९, चेन्नई टेस्ट, पाकिस्तानविरुद्ध पाठदुखी सहन करत सचिनने १३६ काढले. तो आउट झाल्यावर उरलेल्या तीन विकेट्स चार रन्समध्ये गेल्या आणि आपण १२ रन्सनी हरलो. त्यानंतर ‘सचिनने मॅच संपवायला हवी होती’ असं म्हणणारेही भेटले आणि ‘बाकीचे दहा जण काय करत होते?’ असं विचारणारेही. चहाच्या टपरीवर दोन्ही पार्ट्या आजही सापडतील.

खरा किस्सा आहे बजेटचा

पण महोम्स की रिसीव्हर्स, हा प्रश्नच अर्धवट आहे. रिसीव्हर्स कच्चे का होते, हे कुणी विचारायचं?

त्यासाठी मार्च २०२२ मध्ये जावं लागतं. चीफ्सने आपला सुपरफास्ट रिसीव्हर टायरीक हिल मायामी डॉल्फिन्सला देऊन टाकला आणि बदल्यात नवे खेळाडू निवडण्याचे पाच हक्क, म्हणजे ड्राफ्ट पिक्स, घेतले. कारण? पैसा. एनएफएलमध्ये प्रत्येक टीमला खेळाडूंच्या पगारासाठी सारखीच मर्यादा असते. २०२३ मध्ये ती होती २२ कोटी ४८ लाख डॉलर्स. मालक कितीही गब्बर असला तरी त्यापुढे उडी मारता येत नाही. क्वार्टरबॅकलाच एवढा मोठा घास दिल्यावर हिललाही त्याच्या भावाने ठेवायचं म्हणजे इतरांच्या ताटात काय वाढणार?

त्या पाचांपैकी दोन पिक्स पुढच्या सौद्यात घालून चीफ्सने ट्रेंट मॅकडफी नावाचा कॉर्नरबॅक निवडला. कॉर्नरबॅक म्हणजे समोरच्या रिसीव्हरला चिकटून राहणारा डिफेंडर. २०२३ मध्ये मॅकडफी ऑल-प्रो संघात होता. स्टीव्ह स्पॅग्नुओलोच्या डिफेन्सने त्या मोसमात समोरच्यांना फक्त २९४ पॉइंट्स दिले, लीगमध्ये दुसरा नंबर. आणि हिल? त्याने मायामीत १,७९९ यार्ड काढून लीग गाजवली.

म्हणजे लक्षात आलं का? ऑफेन्सची गरिबी आणि डिफेन्सची श्रीमंती, दोन्ही एकाच हिशेबातून आली होती. मॅनेजमेंटने मनाशी जुगार खेळला होता : ‘महोम्स आहे ना, तो कुणालाही घेऊन निभावून नेईल.’ ओळखीचं वाक्य वाटतंय? टीममधल्या हुशार माणसाच्या प्रोजेक्टवरून दोन सीनियर्स काढून घ्यायचे, दोन फ्रेशर्स द्यायचे आणि ‘तू आहेस ना, मग काय टेन्शन!’ म्हणायचं. मग अप्रेझलला विचारायचं, या वर्षी तुझे आकडे का घसरले?

गंमत बघा. २०१८ चा ऑफेन्स ५६५ पॉइंट्स करणारा, स्वप्नातला. तरी ती टीम सुपर बोलपर्यंतही पोहोचली नाही, कारण डिफेन्सने ४२१ पॉइंट्स वाटले होते. न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या त्या सेमीफायनलसारख्या मॅचमध्ये ओव्हरटाइममध्ये महोम्सच्या हातात बॉलच आला नाही. त्याआधी टॉम ब्रेडीचा पास चीफ्सने पकडलाही होता, पण रद्द झाला. कशामुळे? ऑफसाइड! फक्त त्या वेळी चूक डिफेन्सची होती. २०२३ ची टीम करून करून ३७१ पॉइंट्स करणारी.

हिरोने हिरोगिरी सोडली

आणि नेमकी हीच ३७१ वाली टीम जिंकली.

जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफ सुरू झाले तेव्हा ॲरोहेडवर उणे २० सेल्सिअस तापमान होतं. अँडी रीडच्या मिशांवर बर्फ जमला, महोम्सच्या हेल्मेटचा तुकडा उडाला, पण मायामीचा २६-७ ने धुव्वा उडाला. हिल समोरच्या टीममध्ये होता, बरं का! मग बफेलोत २७-२४. आणि बाल्टिमोरमध्ये सेकंड हाफला पुन्हा एकदा शून्य पॉइंट्स, तरीही १७-१० ने जीत. डिफेन्सने अक्षरशः खांद्यावर घेतलं. आणि मॅचवर शिक्कामोर्तब करणारा शेवटचा लांब पास कुणी पकडला? ईगल्सविरुद्ध बॉल सोडणाऱ्या त्याच व्हाल्डेस-स्कॅन्टलिंगने. महोम्सने त्याच्याकडे पास टाकणं बंद केलं नव्हतं.

इथे महोम्सला फुल मार्क्स द्यायला हवेत. मोसमभर तो एकेका पासवर मॅच जिंकायला बघत होता. प्लेऑफमध्ये मात्र छोटे पास, चार यार्ड, सहा यार्ड, जमलं नाही तर बॉल मैदानाबाहेर. हायलाइट्समध्ये न दिसणारं, बोअरिंग फुटबॉल. ११ फेब्रुवारी २०२४ ला लास व्हेगासच्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ओव्हरटाइममध्ये तीन पॉइंट्सनी मागे असताना त्याने १३ प्लेमध्ये ७५ यार्ड असे मुंगीच्या पावलांनी काढले. मरणाच्या चौथ्या चान्सला पास न टाकता स्वतः पळाला. शेवटी तीन यार्डांवरून मिकोल हार्डमनला छोटासा पास. २५-२२. महोम्स तिसऱ्यांदा सुपर बोलचा एमव्हीपी.

पण बिल येतंच

गोष्ट इथे संपली असती तर ‘हॅपी एंडिंग’ म्हणून मोकळे झालो असतो. पण ट्रॉफीची एक गंमत असते, ती सगळे प्रॉब्लेम्स झाकून टाकते. २०२४ च्या मोसमात चीफ्स १५ मॅचेस जिंकले, फक्त दोन हरले. आकडे मात्र आणखी खाली. ३,९२८ यार्ड, २६ टचडाउन, एका पासमागे ६.८ यार्ड. बऱ्याच मॅचेस अगदी काठावर जिंकलेल्या. ‘जिंकतोय ना, मग कशाला बोंबलताय?’ हे उत्तर ठरलेलं.

९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ते उत्तर संपलं. ईगल्सने जादा माणसं घुसवण्याचा डाव एकदाही न खेळता, फक्त पुढच्या फळीच्या जोरावर महोम्सला सहा वेळा आडवं केलं. हाफटाइमला २४-०, शेवटी ४०-२२. महोम्सला सांभाळणाऱ्या लाइनमध्ये तेव्हा जो थुनी आपली नेहमीची जागा सोडून दुसऱ्याच जागी खेळत होता. जुगाड मोठ्या मॅचमध्ये उघडा पडतो, तो असा.

२०२५ च्या मोसमात काठावरच्या मॅचेस उलट बाजूला पडू लागल्या. १४ डिसेंबर २०२५ ला चार्जर्सविरुद्ध महोम्सच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि २०१४ नंतर पहिल्यांदाच चीफ्स प्लेऑफबाहेर राहिले.

मग निकाल काय? २०२३ मध्ये बोंब मारणारे बरोबर होते, फक्त त्यांनी बोट चुकीच्या माणसाकडे दाखवलं. महोम्स त्या वर्षी कमी खेळला हे खरं. पण त्याच्याकडे जे होतं त्यात जेवढं करता येईल तेवढं करायला तो शिकला, हेही तितकंच खरं. ‘हा निभावून नेईल’ हा भरवसा दोन ट्रॉफींइतका मोठा होता आणि त्याची किंमतही तेवढीच.

तर पुढच्या वेळी सोमवारच्या कॉलवर अमेरिकन क्लायंट आपल्या क्वार्टरबॅकच्या नावाने खडे फोडायला लागला की शांतपणे तीन प्रश्न विचारा. पास सोडले कुणी? लाइन कशी होती? आणि पैसा गेला कुठे? क्लायंट इम्प्रेस होईल, गॅरंटी! आणि हेच तीन प्रश्न स्वतःच्या अप्रेझलला विचारायची हिंमत झाली, तर काय झालं ते आम्हालाही कळवा.