पाहणें आणि पालटणें

सातबाऱ्याचा उतारा पाहणें व सातबाऱ्यांत फेरफार करणें यांतील भेद खंडाळा तालुक्यांतील शेतकऱ्याच्या मुलास शिकवावा लागत नाहीं. उतारा शंभरदां पाहिला तरी जमिनीचा धनी बदलत नाहीं. फेरफारास मात्र नोटीस व मंडल अधिकाऱ्याची मान्यता लागते. संगणकाच्या जाळ्यावर निरोप पाठविण्याची जी रीत आहे, तिचें मर्मही हेंच होय.

या रीतीस एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या पहिल्या आराखड्यांत 'गेट' ही एकच मागणी होती. म्हणजे 'अमुक पान दाखवा.' १९९६ च्या नियमपत्रकांत 'पोस्ट' आढळते. म्हणजे 'ही माहिती घ्या व तिजवर कार्यवाही करा.' नोंदीच्या जागीं नवी ठेवणारी 'पुट' व नोंद काढणारी 'डिलीट' यांसही पुढें स्थान मिळालें.

आतां समजा, आपण पायथन भाषेंत फ्लास्क या साधनानें ग्रंथालयाची नोंदवही रचिली. 'पुस्तकें' या पत्त्यासाठीं एक फंक्शन लिहिलें. त्यास मागण्यांची यादी जोडली नाहीं, तर फ्लास्क तेथें 'गेट' स्वीकारतें व 'पोस्ट' आल्यास ४०५ हा अंक पाठवून ती नाकारतें. यादींत दोन्ही लिहिल्यास फंक्शनांत प्रथम पाहावें: मागणी 'पोस्ट' आहे काय? असल्यास माहिती तपासून नोंद करावी. नसल्यास केवळ यादी दाखवावी.

येथें नवशिक्याकडून दोन चुका संभवतात. नोंद पुसण्याचें काम तो साध्या दुव्यावर, म्हणजे 'गेट'वर, सोंपवितो. परंतु शोधयंत्रें दुव्यामागून दुवा 'गेट'नें वाचीत फिरतात. पान सर्वांस खुलें असल्यास तीं सारी नोंदवही नकळत पुसून टाकतील! दुसरी चूक अशी कीं, 'पोस्ट'नंतर तो वाचकास त्याच पानावर ठेवितो. पान पुन्हा मागविलें कीं तीच 'पोस्ट' परत जाऊन एक पुस्तक दोनदां नोंदलें जातें. म्हणून नोंद होतांच वाचकास यादीच्या पानाकडे धाडावें.

तथापि 'पोस्ट' लिहिल्यानें नोंदवही सुरक्षित झाली असें समजूं नये. पालटण्याचा अधिकार कोणास आहे, हें निराळें तपासावें लागतें.

आज ग्रंथालयाची नोंदवही रचणारा विद्यार्थी उद्यां कदाचित् गांवच्या जमिनीची नोंद राखील. तींत कोणाच्या तरी वडिलांचें शेत असेल. म्हणून ही दक्षतेची संवय आतांच लागावी, अशी आमची इच्छा आहे.