मनगटातून पाणी कुठून शिरतं?

ड्रायसूटचं नाव बीड जिल्ह्यात काढलं तर लोक हसतील. इथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, आणि हा पाणबुड्याच्या पोशाखावर लिहितोय! पण सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या एका डॉक्टरांना शोधताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातला जवानही बुडाला. हा लेख त्या दुर्घटनेवर नाही. पण पाण्याखाली उतरणारा माणूस अंगावर काय घालतो, हे कुतूहल मला तेव्हापासूनचं.

वेटसूटमध्ये पाणी शिरतंच, अंगाच्या उबेने ते कोमट होतं. तारकर्लीच्या समुद्रात तेवढं पुरतं. ड्रायसूट लागतो तो नॉर्वे-आइसलँडसारख्या थंड पाण्यात, किंवा अंगाला लागू नये अशा घाण पाण्यात. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. म्हणून आतले गरम कपडे कोरडे राहायला हवेत, आणि ती सगळी जबाबदारी गळा आणि दोन मनगटं इथल्या रबरी सीलवर असते.

मेकॅनिकलवाल्यांनो, ऑइल सील आठवा. ओठ शाफ्टवर दाबून बसतो, त्याचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा जास्त असला की गळती नाही. इथेही तेच. मग ३० मीटर खोल गेल्यावर सील दहापट गळेल का? नाही! खाली जाताना पाणबुड्या सूटमध्ये हवा सोडत जातो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर वाढतो. फरक उरतो तो उंचीचा. हवा वर खांद्याशी जमते आणि लोंबता हात तिच्या सुमारे ५० सेंटीमीटर खाली असतो. म्हणजे सीलवर येणारा दाब जेमतेम ५ किलोपास्कल. तोंडाने फुगा फुगवतो त्याच हिशेबातला.

एवढ्याशा दाबाला सील हरतं कसं? आत्ता करून बघा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट आत वाकवा. तळहाताच्या बाजूला दोरीसारख्या शिरा वर येतात. (काहींना मधली शीर नसतेच, घाबरू नका.) खरं तर हे स्नायूंचे कंडरे. त्यांच्या दोन्ही बाजूंना पन्हाळी तयार होते. आपला शाफ्ट गोल नाही, आणि वस्तू पकडली की आकार बदलतो! पाणी त्याच पन्हाळीतून सरकतं.

म्हणून डिंकाला हात लावण्याआधी गळती कुठली आहे ते शोधायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तसंच: मनगटांत बाटल्या खुपसायच्या, गळा बंद करायचा, सूटमध्ये बेताने हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर भोक किंवा उकललेला जोड. पण ही चाचणी फसवी आहे, कारण बाटलीला कंडरे नसतात! बुडबुडे आले नाहीत तर सूट घालून हात कोपरापर्यंत पाण्याच्या ड्रममध्ये घालायचा आणि मूठ वळायची. हात बाहेर काढून पुसल्यावर सीलच्या आत ओल दिसली तर दोष मनगटाच्या बसण्यात आहे. अंगभर सारखा दमटपणा असेल तर तो बहुधा घामच. आणि सगळ्यात आधी बघायचं ते हे, की आतल्या कपड्याची बाही सीलखाली अडकलीय का. ती वातीसारखी पाणी ओढते.

बसण्यातली गळती असेल तर सील मनगटाच्या हाडावरून थोडं कोपराकडे सरकवायचं, तिथे हात जास्त गोल असतो. ते घट्ट केलं की काम झालं असं वाटतं, पण बोटं बधिर होतात आणि थंडीत तेच धोक्याचं. उलट नवं लॅटेक्सचं सील फार घट्ट असेल तर त्यावरच्या रेषांवरून एका वेळी एकच कडी कापायची, धारदार कात्रीने, एका दमात. कडेला दातरा राहिला की ताण तिथेच एकवटतो आणि सील तिथूनच फाटतं. स्ट्रेस कॉन्सेंट्रेशन परीक्षेपुरतं नसतं!

फाटलेलं किंवा चिकट झालेलं लॅटेक्स बदलायलाच हवं. बाहीत गोल डबा घालून ती ताणून घ्यायची, जुना भाग हलक्या उष्णतेने सोडवायचा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून अल्कोहोलने पुसायचे आणि युरेथेनचा डिंक पातळ लावायचा. सुरकुती राहिली की ती पुढे नळी बनते. डिंक वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यायचा, घाई नाही. सिलिकॉनला हा डिंक धरतच नाही, म्हणून ती सीलं कड्यांत बसवतात. निओप्रीनचं सील मात्र कापत नाहीत, बाटलीवर चढवून ताणतात.

लॅटेक्सला तेल, व्हॅसलीन चालत नाही. घालताना बिनवासाची टाल्कम पावडर वापरायची. ऊन आणि ओझोनही त्याचे वैरी आहेत, म्हणून सूट चालत्या मोटारीजवळ टांगत नाहीत. नव्या सीलची पहिली परीक्षा पुन्हा त्याच ड्रममध्ये, मूठ वळून.