वादळ दूर, लाटा दारात

१२ जून २०२३ रोजी जुहूच्या समुद्रात चार मुले बुडाली. बिपरजॉय चक्रीवादळ तेव्हा शेकडो किलोमीटर दूर होते. १५ जूनला ते गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्याला धडकले. मग जुहूला समुद्र का खवळला?

लागोपाठच्या दोन लाटांमधील वेळ म्हणजे आवर्तनकाल. त्याच्या सेकंदांना १.५६ ने गुणा. खोल समुद्रातील लाटेचा वेग दर सेकंदाला इतके मीटर! १२ सेकंदांची लाट ताशी ६७ किलोमीटर धावते. गंमत अशी, की लाटांचा समूह निम्म्याच वेगाने सरकतो. तरी दिवसात ८०० किलोमीटर होतातच.

हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेच्या अंदाजात आपण लाटांची उंची तेवढी वाचतो. आवर्तनकालही वाचा. सारख्याच उंचीच्या दोन लाटांपैकी दीर्घ आवर्तनकालाची लाट उथळ पाण्यात अधिक उंचावते.