तळाचे जीव सांगतात नदीचे आरोग्य

वेर्णे परिसरात उगम पावणारी साळ नदी सासष्टीच्या शेतांना आणि मासेमारीला आधार देत बेतुल येथे समुद्राला मिळते. मडगावचे सांडपाणी शिरवडे येथील प्रकल्पात शुद्ध झाल्यावर याच नदीकडे वळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ११ गोव्यातील असून खारेबांध ते मोबोर हा साळचा पट्टा त्यांत आहे. त्यामुळे प्रक्रिया केलेले पाणी नदीला मानवते का, हा प्रश्न काठावरच्या प्रत्येक गावाचा ठरतो.

त्याचे उत्तर प्रकल्पाच्या नळाशी घेतलेल्या एका नमुन्यातून मिळत नाही. पाणी नदीत मिसळते त्या जागेच्या वर, प्रत्यक्ष मुखापाशी आणि खाली ठरावीक अंतरांवर असे नमुने घ्यावे लागतात. उरलेली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. ही क्रिया प्रवाहासोबत पुढे सरकत असल्याने प्राणवायूची नीचांकी पातळी बहुधा मुखापासून काही अंतरावर आढळते. अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये या घसरणीचे गणित मांडले.

स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम, तर जैवरासायनिक प्राणवायू मागणी कमाल ३ मिलिग्रॅम असावी, असा आपल्याकडील निकष आहे. विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १०० मिलिलिटरमागे २,५०० पेक्षा अधिक नसावी. ५०० पर्यंत असल्यास उत्तम. याखेरीज अमोनिया आणि निर्जंतुकीकरणानंतर उरणारा क्लोरीन तपासणे अगत्याचे असते, कारण नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ते माशांना मारक ठरू शकतात.

नमुन्याची वेळही निर्णायक असते. शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे तो तळ गाठतो. पावसाळ्यात पुराने प्रदूषण विरळ होते. एप्रिल-मे महिन्यांत प्रवाह क्षीण झाला की खरी कसोटी लागते. साळच्या खालच्या भागात भरतीचे पाणी उलटे चढते, म्हणून भरतीच्या वेळी मुखाच्या वरचा नमुनाही दूषित असू शकतो.

रासायनिक चाचणी त्या क्षणाचे चित्र देते. तळाचे जीव मागील काही आठवड्यांचा वा महिन्यांचा इतिहास सांगतात. गोड्या पाण्याच्या ओहोळात दगडांखाली मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांच्या अळ्या सापडल्या, तर पाणी बहुधा स्वच्छ असते. त्या नाहीशा होऊन लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स कृमींचीच गर्दी झाली, तर प्राणवायूची टंचाई आहे असे समजावे. अशा जीवकुलांना गुण देऊन पाण्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत केंद्रीय मंडळानेही स्वीकारली आहे. मात्र खाऱ्या पाण्यात जीव मुळातच वेगळे असतात, म्हणून तुलना सारख्या क्षारतेच्या जागांचीच करावी.

याचा थेट संबंध ताटाशी आहे. तिसऱ्या आणि खुबे पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यासोबत जिवाणूही त्यांच्या देहात साठतात. म्हणून ग्रामसभेपुढे अहवाल आला की नमुना कोठे, केव्हा, भरतीत की ओहोटीत घेतला आणि तळाचे जीव तपासले का, हे आधी विचारावे. केवळ ‘मर्यादेत’ या शेऱ्यावर समाधान मानू नये.