ट्रॅक्टरच्या शेडमध्ये दिवा कोणता लावावा?



ऊसतोडीचा हंगाम आणि थंडी आपल्याकडे जोडीनेच येतात. न्हावऱ्यात काय किंवा भीमेपलीकडे दौंडात काय, पौषात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर खेपेला काढायचा असतो. चाकाचे नट, ट्रॉलीची पिन, ऑइल, पाणी बघायचे, आणि शेडमधली ट्यूब नुसती फडफडत राहते! मग टॉर्च तोंडात धरून काम उरकायचे. ढिला राहिलेला नट भरल्या ट्रॉलीखाली, भर रस्त्यातच कळतो.

असे का होते? ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते. गारठ्यात ती कमी होते, म्हणून ट्यूब उशिरा पेटते, उजेडही मंद पडतो. त्यात व्होल्टेज कमी असले म्हणजे विचारूच नका. एलईडीला गारठ्याची अडचण नाही. बटण दाबताच ती पेटते. ३६ वॅटची ट्यूब चोक धरून ४५ वॅटच्या आसपास वीज खाते; साध्या शेडला २० वॅटची चांगली एलईडी पट्टी तिच्या जागी चालते. मात्र दुकानात नुसते वॅट विचारू नका. उजेडाचे माप लुमेन. ते खोक्यावर वाचा. किती व्होल्टेजपर्यंत चालते, तेही पाहा.

ट्रॅक्टरच्या बरोबर वर एकच दिवा लावला, तर बॉनेटची सावली इंजिनावर पडते. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पट्टी लावावी. धूळ-पाणी आत न शिरणारी, आयपी ६५ लिहिलेली घ्यावी. वायरला लोंबता बल्ब ट्रॅक्टरखाली नेण्याची सवय आता मोडा. खाली डिझेल आणि ओली जमीन असते. त्यापेक्षा चार्जिंगचा हातदिवा बरा. शेड पत्र्याची असेल तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा.

शेवटचे, पण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे. एक दिवा शेडच्या दाराबाहेर लावा आणि त्याचे बटण घराच्या ओट्यावर ठेवा. आपल्या शिरूर तालुक्यात उसाच्या आडोशाने बिबट्याचा वावर आहे. उजेड पाहून तो येतच नाही, असे कोणी समजू नये. पण पाऊल टाकण्याआधी वाट तरी दिसते. ऊस वेळेवर गेला पाहिजे, हे खरेच. पण घरचा माणूसही सुखरूप परतला पाहिजे.